१९६७ ची कॉर्व्हेट आणि इंजिनावर नव्याने उमटवलेला जुना क्रमांक

अमेरिकेत वीस-पंचवीस वर्षे नोकरी केलेल्या, मुलांची शिक्षणे उरकलेल्या आपल्या मराठी मंडळींपैकी बरेच जण अलीकडे जुन्या अमेरिकन स्पोर्ट्स कारच्या शोधात दिसतात. न्यू जर्सीतल्या आमच्या ओळखीतच तिघा-चौघांचा असा बेत चालू आहे. त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासारख्या इतरांसाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे, कारण मला ज्या पद्धतीने फसवले गेले ती पद्धत या धंद्यात मुरलेली आहे आणि बाहेरून येणाऱ्या माणसाला ती सहजासहजी ओळखू येत नाही. विक्रेत्याचे नाव येथे देत नाही. तो दुसऱ्या राज्यातला, जुन्या गाड्यांचे मोठे दालन चालवणारा परवानाधारक डीलर होता, एवढे सांगणे पुरेसे आहे.

गाडी होती १९६७ सालची शेव्हरोले कॉर्व्हेट, कापडी टपाची कन्व्हर्टिबल. १९६३ ते १९६७ या काळातल्या कॉर्व्हेटला संग्राहकांमध्ये फार मान आहे आणि त्यातही शेवटच्या वर्षाला अधिक. त्या वर्षी सेंट लुईसच्या कारखान्यातून २२,९४० कॉर्व्हेट बाहेर पडल्या. मूळ इंजिन ३२७ घनइंचाचे आणि ३०० अश्वशक्तीचे होते, परंतु ज्यादा पैसे भरणाऱ्यास ४२७ घनइंचाचे, तीन कार्ब्युरेटर असलेले, ४३५ अश्वशक्तीचे इंजिन मिळत असे. असे इंजिन केवळ ३,७५४ गाड्यांना बसवले गेले. साध्या ३२७ च्या गाडीत आणि अस्सल ४३५ च्या गाडीत आज किमतीचा जो फरक आहे, तेवढ्यात एखादी चांगली नवी गाडी येईल, आणि फसवणुकीचे सगळे मूळ या फरकात आहे. साध्या गाडीत कुठून तरी मिळवलेले ४२७ चे इंजिन बसवायचे, त्या इंजिनासाठी असलेले फुगीर बॉनेट नवे विकत आणून लावायचे आणि गाडी जन्मतःच तशी होती असे सांगून विकायची.

इथे आपल्या मंडळींची एक सवय घात करते. महाराष्ट्रात जुनी गाडी घेताना आपण आरसी बुक उघडतो, त्यातला चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी ताडून पाहतो आणि जुळले की निश्चिंत होतो. इंजिन बदलायचे असेल तर आरटीओकडे नोंद करावी लागते, त्यामुळे त्या ताडण्याला अर्थ असतो. अमेरिकेतल्या टायटलवर, म्हणजे मालकीच्या दाखल्यावर, फक्त गाडीचा ओळख क्रमांक असतो. इंजिनाचा क्रमांक सहसा कोणत्याही सरकारी कार्यालयाच्या दप्तरी नसतो. शिवाय १९६७ च्या कॉर्व्हेटचा ओळख क्रमांक तेरा अक्षरी असून, त्यातून वर्ष, टपाचा प्रकार, कारखाना आणि अनुक्रम कळतो, कोणते इंजिन बसवले होते ते कळत नाही. त्या क्रमांकाच्या पट्टीशेजारी असलेल्या दुसऱ्या पट्टीवर बॉडीची तारीख, रंग आणि आतल्या सजावटीचा संकेत असतो, इंजिनाचा नसतो. गाडीचा पूर्वेतिहास सांगणारे कारफॅक्स वगैरेंचे अहवाल १९८१ पासूनच्या सतरा अक्षरी क्रमांकांसाठी आहेत, त्यांचा या गाड्यांना काहीही उपयोग नाही. फोर्डच्या जुन्या गाड्यांसाठी, १९६७ पासून पुढे, कारखान्याच्या नोंदींवर आधारलेला मार्टी रिपोर्ट मागवता येतो, पॉन्टिअ‍ॅकच्या बाबतीतही तशी सोय आहे. त्या काळच्या कॉर्व्हेटसाठी मात्र, कॅनडात विकलेल्या गाड्या सोडल्या तर, कंपनीकडून असा दाखला मिळत नाही.

मग इंजिन मूळचे आहे हे ठरते कशावरून? इंजिनाच्या ब्लॉकवर, प्रवाशाच्या बाजूच्या सिलिंडर हेडच्या पुढे, दोन-अडीच बोटे रुंदीची एक सपाट जागा असते. तिच्यावर कारखान्यात दोन शिक्के ठोकले जात. एक इंजिन जुळवल्याची तारीख आणि इंजिनाचा प्रकार सांगणारा, दुसरा गाडीच्या ओळख क्रमांकाचे शेवटचे आकडे सांगणारा. माझ्या गाडीवर पहिला शिक्का होता टी ०२१५ जेई, म्हणजे टोनावांडा येथील इंजिनांचा कारखाना, १५ फेब्रुवारी, ४३५ अश्वशक्ती आणि हाताने बदलायचे गिअर. दुसरा शिक्का गाडीच्या क्रमांकाशी तंतोतंत जुळत होता. डीलरच्या जाहिरातीत ‘सर्व क्रमांक जुळणारी’ असे ठळकपणे लिहिले होते. पेट्रोलच्या टाकीवर कारखान्यात चिकटवला जाणारा, गाडीतल्या सर्व ज्यादा गोष्टींची यादी असलेला कागदही चौकटीत बसवून दालनात ठेवला होता, आणि त्यावर ४३५ चे इंजिन स्पष्ट नोंदलेले होते.

त्याने तपासणीला आडकाठी केली नाही, उलट आग्रहाने तपासणी करून घ्या असे सांगितले आणि परिसरातल्या तीन तपासनिसांची नावे दिली. त्यांपैकी एकाचा अहवाल आला, भरपूर छायाचित्रांसह. इंजिनाविषयी त्यात लिहिले होते की शिक्के उपस्थित आहेत, वाचता येतात आणि गाडीच्या क्रमांकाशी जुळतात. या वाक्यातला एकही शब्द खोटा नाही. शिक्के कारखान्यात ठोकलेले आहेत असे मात्र त्यात कुठेही म्हटलेले नाही. ‘जुळतात’ आणि ‘मूळचे आहेत’ यांच्यामधल्या त्या फटीतून माझे निम्मे पैसे वाहून गेले. एक लाख डॉलरच्या वरची रक्कम बँकेतून थेट डीलरच्या खात्यात गेली, त्यानंतर बंद ट्रेलरमधून गाडी आली.

खरे काय ते कळले, ते कॉर्व्हेटच्या जुन्या मालकांच्या संघटनेतल्या एका वयस्क सदस्यामुळे. नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी ही १९७४ साली स्थापन झालेली संस्था असून तिच्या स्थानिक शाखा ठिकठिकाणी आहेत, आणि तिथली अनुभवी मंडळी मूळ गाडी कशी असते याचा अभ्यास वर्षानुवर्षे करत आली आहेत. या गृहस्थांनी त्या सपाट जागेवर थोडे रॉकेल लावून ती कापडाने पुसली, विजेरी आडवी धरली आणि मला वाकून पाहायला सांगितले. कारखान्यात तो पृष्ठभाग ज्या अवजाराने तासला जाई, त्याच्या बारीक, सरळ, एकमेकींना समांतर रेघा इंजिनाच्या लांबीच्या दिशेने उमटतात, कंगव्याने ओढाव्यात तशा. माझ्या इंजिनावर त्या रेघा नव्हत्या. तिथे गोल गोल घासल्याच्या खुणा होत्या, आणि आकड्यांच्या कडा जरा जास्तच टोकदार होत्या. कोणीतरी जुने शिक्के घासून काढून नवे ठोकले होते. इंजिनाची दुरुस्ती करताना वरचा पृष्ठभाग तासला गेला तरी रेघा जातात, हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. म्हणून एवढ्यावर न थांबता त्यांनी गाडी लिफ्टवर चढवायला लावली.

स्टार्टरजवळ, ब्लॉकच्या अंगावर, लोखंड ओतल्याची तारीख उठावदार अक्षरांत असते. ती ओतीव असल्यामुळे शिक्क्यासारखी ठोकून बदलता येत नाही. तारेच्या ब्रशने तिथले तेल आणि काजळी खरवडल्यावर अक्षरे दिसू लागली: डी १२ ७. डी म्हणजे चौथा महिना, एप्रिल. बारा एप्रिल १९६७. ओतकामाचा क्रमांक ३९०४३५१ हा त्या वर्षीच्या ४२७ चाच होता, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला काही खटकले नसते. पण वरच्या शिक्क्यानुसार हे इंजिन १५ फेब्रुवारीला जुळवून तयार होते आणि खालच्या अक्षरांनुसार त्याचा ब्लॉक १२ एप्रिलला ओतला गेला. ब्लॉक आधी ओतला जातो, मग इंजिन जुळवले जाते, मग ते गाडीत बसते. हा क्रम कोणत्याही कारखान्यात उलटा होऊ शकत नाही. त्या दोन तारखा पाहिल्यावर वादाला जागाच उरली नाही. चौकटीतला तो कागदही मग नीट पाहिला गेला. असे कोरे कागद हुबेहूब छापून विकले जातात आणि त्यावर हवे ते टंकून घेता येते, ही माहिती तेव्हा मिळाली.

गाडी लिफ्टवर असतानाच दुसरे दुखणे बाहेर आले. कॉर्व्हेटची बॉडी फायबरग्लासची असते, म्हणून लोखंडी पत्र्याच्या गाडीला चुंबक लावून गंज आणि त्यावर भरलेली लांबी शोधण्याची युक्ती इथे चालत नाही. बॉडी कधीच गंजत नाही, पण तिच्या आत पुढच्या काचेभोवती आणि दारांभोवती लोखंडी पिंजरा असतो, आणि खाली लोखंडी चासी. माझ्या गाडीचा रंग आरशासारखा होता. काचेच्या खालच्या कोपऱ्यात मात्र पिंजरा इतका खाल्लेला होता की स्क्रूड्रायव्हरचे टोक आत गेले, आणि मागच्या चाकांच्या पुढे, चासी जिथे वर वळते तिथे, गंजावर पट्टी ठोकून वर जाड काळा थर फासला होता. याची दुरुस्ती करायची तर बॉडी चासीवरून उचलावी लागते.

डीलरला कळवल्यावर उत्तर सौजन्याने आले. बिल ऑफ सेलवर, म्हणजे विक्रीच्या कागदावर, फक्त ‘१९६७ शेव्हरोले कॉर्व्हेट कन्व्हर्टिबल’ एवढेच वर्णन होते, त्याखाली ‘आहे त्या स्थितीत, कोणत्याही हमीशिवाय’ आणि ‘या कागदाबाहेरील कोणतेही विधान बंधनकारक नाही’ अशी वाक्ये होती, आणि वाद झाल्यास खटला त्याच्याच परगण्यात चालेल असेही कलम होते. माझ्या वकिलांचे म्हणणे असे की जाहिरातीतले ठोस वर्णन हे युनिफॉर्म कमर्शियल कोड या व्यापारी व्यवहारांच्या कायद्यानुसार हमीच ठरते आणि ‘आहे त्या स्थितीत’ एवढे लिहिल्याने ती हमी आपोआप पुसली जात नाही. त्यांचे म्हणणे मला पटते, पण दुसऱ्या राज्यातल्या न्यायालयात ते सिद्ध करण्याचा खर्च आणि वेळ दोन्ही मोठे आहेत, आणि डीलरचा सगळा हिशेब यावरच बेतलेला आहे. जाहिरातीची छायाचित्रे, त्याचे सर्व ईमेल आणि लिफ्टवर काढलेली छायाचित्रे यांच्या आधारे नोटीस गेलेली आहे.

जे कोणी अशी गाडी पाहत असतील त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की पैसे देण्यापूर्वी तीन छायाचित्रे मागा: सपाट जागेचे, आडव्या उजेडात काढलेले, ओतकामाच्या तारखेचे, स्टार्टरजवळून काढलेले, आणि बॉडीच्या तारखेच्या पट्टीचे. तिन्ही तारखा कागदावर क्रमाने मांडा. तपासनीस विक्रेत्याने सुचवलेला नको, तुम्ही स्वतः शोधलेला आणि कॉर्व्हेटच जाणणारा हवा, आणि त्याच्याकडून ‘जुळतात का’ याबरोबरच ‘कारखान्यातले आहेत का’ याचेही लेखी उत्तर घ्या. टायटलवर विक्रेत्याचेच नाव आहे का ते पाहा. आणि सर्वांत महत्त्वाचे, ‘गाडीचे इंजिन मूळचे असून त्यावरील शिक्के कारखान्यातले आहेत’ हे वाक्य बिल ऑफ सेलवर लिहून त्याखाली सही मागा. गेल्या महिन्यात डॅलसमधील एका मित्राने एका डीलरकडे हीच मागणी केली. तोवर दिवसाला दोनदा फोन करणाऱ्या त्या माणसाने कळवले की गाडी दुसऱ्या ग्राहकाला गेली आहे. जाहिरात अजूनही तशीच झळकते आहे.

माझी गाडी पुढेमागे विकावी लागेल. तेव्हा इंजिन मूळचे नाही, शिक्के नंतर ठोकलेले आहेत आणि चासीवर दुरुस्ती झालेली आहे, हे बिलावर लिहूनच ती जाईल. चौकटीतला तो कागद मात्र वकिलांकडे आहे आणि पुढच्या मालकाच्या हाती तो पडणार नाही.