तोतरेपणावरील व्हॅन रायपर पद्धतीची थेरपी : 16 बैठकांनंतरचा अभिप्राय

गेल्या चार महिन्यांत पुण्यातील एका खासगी स्पीच थेरपी क्लिनिकमध्ये मी तोतरेपणावरील उपचारांच्या 16 बैठका पूर्ण केल्या. आठवड्याला एक बैठक, 45 मिनिटांचा वेळ आणि बैठकीमागे 700 रुपये, असे एकूण 11,200 रुपये खर्च झाले. क्लिनिकच्या पाटीवर 'तोतरेपणा कायमचा बरा' असे ठळक अक्षरांत लिहिलेले आहे. आत मात्र जी पद्धत शिकवली जाते, तिचा जनक, अमेरिकी वाणीतज्ज्ञ चार्ल्स व्हॅन रायपर, स्वतः अखेरपर्यंत थोडाफार अडखळतच बोलत असे. पाटी आणि पद्धत यांतील ही विसंगती लक्षात घेतल्याशिवाय या सेवेचे मूल्यमापन करता येणार नाही, असे माझे मत झाले आहे.

चार्ल्स व्हॅन रायपर यांचा जन्म 1905 मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या उत्तर भागात, चॅम्पियन नावाच्या लहानशा गावात झाला. वडील डॉक्टर होते, पण मुलाच्या तोतरेपणावर त्या काळी कोणत्याही डॉक्टरकडे इलाज नव्हता. तरुणपणी बोलण्याच्या धास्तीने त्यांनी काही काळ चक्क मुका-बहिरा असल्याचे सोंग घेऊन एका शेतावर मजुरी केली. (ज्यांना हे अतिशयोक्त वाटेल त्यांनी कधी भर ऑफिसात फोन वाजल्यावर घशाला हात लावून 'आवाज बसलाय' अशी खूण केलेली नसावी, मी केली आहे.) पुढे घरी परतताना वाटेत एका म्हाताऱ्याने त्यांना गाडीत घेतले. तोही जन्मभराचा तोतरा निघाला, परंतु वयोमानाने शब्दांशी झटापट करण्याची ताकद उरली नसल्यामुळे तो सावकाश, विनासायास अडखळत बोलत होता. न अडखळता बोलणे साधत नसेल तर निदान झटापट न करता अडखळावे, हा विचार त्यांना तेथे सापडला आणि पुढील सगळी पद्धत त्यातूनच उभी राहिली.

त्या काळी वाणीदोषांच्या अभ्यासाचे मोठे केंद्र असलेल्या आयोवा विद्यापीठातून त्यांनी 1934 मध्ये मानसशास्त्रात पीएच.डी. मिळवली. तेथील प्रमुख ली एडवर्ड ट्रॅव्हिस यांचा सिद्धांत असा होता की मेंदूच्या दोन अर्धांपैकी कोणाचेच पुरेसे वर्चस्व नसल्यामुळे तोतरेपणा येतो, म्हणून डाव्या-उजव्या हाताच्या सवयीवर तेथे बरेच प्रयोग झाले. 1936 मध्ये व्हॅन रायपर कॅलमझू येथील शिक्षक महाविद्यालयात गेले आणि तेथे त्यांनी स्पीच क्लिनिक सुरू केले. हे महाविद्यालय आज वेस्टर्न मिशिगन विद्यापीठ म्हणून ओळखले जाते आणि क्लिनिकला त्यांचेच नाव आहे. मला त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती त्यांची हिशेबी वृत्ती: सुमारे 20 वर्षे त्यांनी दरवर्षी नव्या गटावर उपचारात फेरफार करून पाहिले, बऱ्या झालेल्यांपैकी पुन्हा कोण अडखळू लागले याचा पाठपुरावा केला आणि आपले अपयशही लिहून प्रसिद्ध केले.

क्लिनिकमधील अनुभव सांगण्यापूर्वी माझी अडचण सांगतो. मी कात्रजला राहतो आणि 'क' हे माझे सर्वांत अवघड अक्षर आहे. जिभेचा मागचा भाग टाळूला जो चिकटतो तो सुटतच नाही. मान एका बाजूला जाते, डोळे मिटतात. म्हणून मी कित्येक वर्षे बसमध्ये कंडक्टरला 'कात्रज' न म्हणता 'शेवटचा स्टॉप' असे सांगत आलो. रामरक्षा मात्र मी एका दमात म्हणतो, त्यामुळे घरातल्यांना माझे अडखळणे हा आळस वाटत असे, आणि वेखंड, अक्कलकारा, तोंडात खडा धरून वाचन करणे हे सर्व उपाय यथासांग झाले होते.

पहिल्या तीन बैठका केवळ ओळख करून घेण्यात गेल्या, म्हणजे आरशासमोर बसून आपण नेमके कोठे, कसे अडकतो ते पाहण्यात. शब्द अडकणे हा मूळ दोष, आणि मान झटकणे, डोळे मिटणे, प्रत्येक वाक्याआधी 'म्हणजे काय आहे ना' अशी धाव घेणे या त्यावर चढलेल्या सवयी, ही फोड व्हॅन रायपर यांचीच आहे. वाक्याच्या सुरुवातीचे माझे 'म्हणजे' ही तोतरेपणाचीच खूण आहे, हे वयाच्या 34 व्या वर्षी प्रथम समजले.

खरे कसब त्यानंतरच्या तीन तंत्रांत आहे आणि ती उलट क्रमाने शिकवली जातात, हे मला फार शहाणपणाचे वाटले. आधी 'कॅन्सलेशन': शब्द अडकत का होईना पूर्ण करायचा, दोन-तीन सेकंद पूर्ण थांबायचे आणि तोच शब्द सैल जिभेने पुन्हा म्हणायचा. त्यानंतर 'पुल-आउट': अडकलेलो असतानाच झटका न देता जीभ हळूहळू सोडवत शब्दातून बाहेर यायचे. शेवटी 'प्रिपरेटरी सेट': अवघड शब्द येण्यापूर्वीच तोंडाची ठेवण सैल करून ठेवायची. थोडक्यात, शब्दानंतर, शब्दात आणि शब्दाआधी. तीनपैकी पुल-आउट मला आज दहातून सहा-सात वेळा जमतो. शेवटचे तंत्र अद्याप क्लिनिकच्या खोलीबाहेर आलेले नाही.

भिंतीपलीकडे त्याच वेळी एक लहान मुलगी 'रिक्षा'ला 'लिक्षा' म्हणे. तिची थेरपिस्ट आधी तिला स्वतः उच्चार करायला लावत नसे, तर आपण उच्चारलेल्या शब्दांपैकी बरोबर कोणता आणि चूक कोणता, हे कानाने ओळखायला लावी. आधी कान, मग सुटा ध्वनी, मग अक्षर, शब्द आणि वाक्य, ही उच्चारदोषांवरील पायरीही व्हॅन रायपर यांनी रूढ केलेली आहे.

अकराव्या बैठकीला थेरपिस्ट मला जवळच्या किराणा दुकानात घेऊन गेल्या आणि माझ्या आधी त्यांनीच मुद्दाम 'क-क-क-कोथिंबीर' असे अडखळून मागितले. दुकानदाराने 'ती भाजीवाल्याकडे' एवढेच सांगितले आणि पुन्हा तराजूकडे वळला. लाज कमी करण्याचा हा डीसेन्सिटायझेशनचा भाग व्हॅन रायपर यांच्या पद्धतीचा कणा आहे आणि थेरपिस्टने आधी स्वतः अडखळून दाखवावे हा त्यांचाच आग्रह होता. माझ्या 11,200 रुपयांपैकी त्या एका बैठकीचे 700 रुपये सर्वांत सत्कारणी लागले.

तक्रार हीच आहे की अशी बैठक 16 पैकी एकच झाली. उरलेला वेळ बंद खोलीत वाचनात गेला आणि त्यासाठी दिलेला उतारा इंग्रजी होता. मराठीतील ट, ठ, ध, भ यांवर मी कसा अडकतो हे त्यावरून कळण्याचा संभव नव्हता. मी स्वतः मराठी मजकूर नेल्यावर त्यांनी तो आनंदाने वापरला, पण तो क्लिनिककडे तयार असायला हवा होता. शिवाय 12 बैठकांचे 'पॅकेज' विकण्याची पद्धत या उपचाराशी विसंगत आहे, कारण यात स्थिरता आणण्याचा शेवटचा टप्पा महिनोन्‌महिने चालतो.

ज्यांना सभेत किंवा मुलाखतीत लवकर अस्खलित बोलायचे आहे त्यांना बोलण्याचा वेग संथ करून ओघ घडवणाऱ्या दुसऱ्या पद्धती अधिक रुचतील, कारण तेथे फरक लगेच ऐकू येतो; मात्र तो यांत्रिक सूर मला सहन झाला नाही. कोणतीही पद्धत निवडली तरी थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का हे आधी विचारावे. माझ्या थेरपिस्टनी न विचारता नोंदणी क्रमांक दाखवला होता.

मी आणखी चार बैठकांचे पैसे भरले आहेत आणि त्या चारही क्लिनिकबाहेर, शक्यतो कात्रजच्या बसमध्ये घ्याव्यात असे लेखी कळवले आहे.