ओतणाऱ्याचा ग्लास : प्रोसेको, शॅम्पेन की मधलं काही?

कुणी परीक्षा पास झालं, कुणाला मूल झालं, कुणी नोकरीतून निवृत्त झालं, की आमच्या गोतावळ्यात बाटल्या आणायचं काम माझ्या गळ्यात पडतं. मी वाइनचा जाणकार वगैरे नाही. पण बूच उघडणारा, सगळ्यांना ओतणारा आणि शेवटी टेबलावरचे अर्धवट ग्लास गोळा करणारा माणूस गेली कित्येक वर्षं मीच आहे. कोणाला काय आवडलं हे लोक तोंडाने सांगतात त्याहून त्या अर्धवट ग्लासांवरून जास्त कळतं.

रेड की व्हाइट हा वाद इथे घेत नाही. चांगली रेड बसून, जेवणासोबत, निवांत प्यायची. तीस-चाळीस माणसं उभ्याने ग्लास उंचावतात तेव्हा बुडबुडेच हवेत, यावर तुमचं-माझं एकमत आहे असं धरून चालतो. मग निवड उरते ती इटलीची प्रोसेको आणि फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतातली शॅम्पेन यांच्यात. आणि या दोघींच्या मध्ये जे बरंच काही आहे, ज्याच्याकडे मी स्वतः उशिरा वळलो, त्याबद्दलही सांगायचं आहे.

मूळ फरक बुडबुडे कुठे तयार होतात यात आहे. एकदा आंबवलेल्या वाइनला साखर आणि यीस्ट देऊन पुन्हा आंबवायचं आणि निघणारा वायू बाहेर जाऊ द्यायचा नाही, हे दोन्हीकडे सारखंच. शॅम्पेनमध्ये हे दुसरं आंबवणं बाटलीतच होतं. प्रोसेकोत सहसा ते मोठ्या बंद टाकीत होतं. टाकीची ही युक्ती इटलीच्या फेदेरिको मार्तिनोत्तीने १८९५ मध्ये पेटंट केली आणि फ्रान्सच्या यूजीन शार्माने १९०७ मध्ये ती सुधारली. टाकीत काम लवकर उरकतं आणि तोच तिचा गुण आहे. ग्लेरा नावाचं द्राक्ष (प्रोसेकोत ते किमान ८५ टक्के असावं लागतं) मुळात हलकं, फुलांच्या आणि पेअरच्या वासाचं. त्याला वर्षानुवर्षं कोंडून ठेवलं तर तो टवटवीतपणाच जाईल.

शॅम्पेनचं उलटं. बाटलीवर साल छापलेलं नसलं तरी तिला किमान १५ महिने तळघरात काढावे लागतात, आणि त्यातले १२ मेलेल्या यीस्टच्या गाळाशेजारी. एकाच सालाच्या द्राक्षांची असेल तर ३ वर्षं. हा गाळ हळूहळू विरघळतो आणि वाइनला भाजलेल्या पावाचा, सुक्या मेव्याचा वास देतो. मग गाळ बाटलीच्या तोंडाशी आणून बाहेर काढतात, कमी झालेली जागा थोड्या गोडसर वाइनने भरतात आणि खरं बूच बसवतात. आत दाब असतो ५ ते ६ बारचा, म्हणजे मोटारीच्या टायरच्या दुपटीहून जास्त. प्रोसेकोचा दाब सहसा याहून कमी असतो, आणि लेबलवर ‘फ्रिझान्ते’ लिहिलं असेल तर फारच कमी, अडीच बारच्या आत.

आता पहिल्या घोटाचं बोलू. इथे मी प्रोसेकोच्या बाजूने साक्ष देईन. एकदा दोन्ही बाटल्यांना नॅपकिन गुंडाळून, कुठली कुठली ते न सांगता ओतल्या होत्या. जिथे प्रोसेको होती ते ग्लास आधी रिकामे झाले. शॅम्पेन पिणाऱ्यांपैकी एकाने विचारलं, “ही जरा आंबट नाही का?” त्याचं चुकलं असं मला म्हणवत नाही. ज्याला वाइनची सवय नाही त्याला शॅम्पेनचा आंबटपणा पहिल्याच घोटाला टोचतो. प्रोसेको कोणालाच टोचत नाही. ‘चिअर्स’ म्हणायचं, घोट घ्यायचा, हसायचं आणि फोटो काढायचा, एवढ्यासाठी तिच्याइतकी बिनतक्रारीची वाइन मला तरी माहीत नाही.

बरीच वर्षं मी म्हणूनच प्रोसेकोच आणत होतो.

माझं मन फिरलं ते एका वेगळ्याच जाचाने. ओतणाऱ्या माणसाचा ग्लास नेहमी शेवटी भरतो आणि त्याहून शेवटी प्यायला जातो. मी स्वतःसाठी ओततो, तेवढ्यात कोणीतरी उशिरा येतं. त्यांच्यासाठी नवीन बाटली उघडतो, तेवढ्यात भाषण सुरू होतं. आमच्याकडे भाषणं करणारे एक काका आहेत. ते ‘दोनच शब्द’ म्हणून उभे राहतात आणि उत्सवमूर्तीच्या जन्मापासून सुरुवात करतात. मधेच ग्लास खाली ठेवून टाळ्या वाजवाव्या लागतात. भाषण संपतं, कोणाला पाणी हवं असतं, कोणाला दुसरा ग्लास. मी माझ्या ग्लासाकडे परत येईपर्यंत अर्धा-पाऊण तास गेलेला असतो. ग्लास खिडकीच्या कडेला एकटा उभा, कोमट.

त्या वेळी त्यातल्या प्रोसेकोचं काय झालेलं असतं? बुडबुडे गेलेले असतात, थंडपणाही गेलेला असतो. उरतं ते पेअरच्या वासाचं गोडसर पाणी. मुलांनी बर्फ वितळू दिलेल्या सरबतासारखं. तिची सगळी शोभा थंडपणावर आणि फेसावर उभी असते, आणि ती दोन्ही गेली की खाली टेकायला काही राहत नाही. ही तिची बदनामी नाही, तिचा स्वभावच तसा आहे. पण हा असला घोट मी सलग चार-पाच कार्यक्रमांत घेतला. सगळ्यांना ताजं पाजून स्वतः शिळं प्यायचं, हे काही केल्या मनातून जाईना.

पुढच्या एका प्रसंगी कोणीतरी भेट म्हणून शॅम्पेन आणली होती. तिची गत तीच झाली : माझा ग्लास खिडकीत, काकांचं भाषण, अर्धा तास. परत आलो तेव्हा बुडबुडे मोजकेच राहिले होते, ग्लासही कोमट झाला होता. घोट घेतला आणि थांबलो. ती अजून वाइन होती. पावाच्या कडेसारखा भाजका वास, जिभेच्या कडांना ओढणारा आंबटपणा, आणि गिळल्यावरही मागे रेंगाळणारं काहीतरी. थंड असताना जेवढं जाणवलं नव्हतं, त्याहून जास्तच जाणवलं.

कारण फार गूढ नसावं. मुळात दाब जास्त, म्हणजे उडून जायला वायूही जास्त. आणि बुडबुडे गेले तरी गाळाच्या संगतीत काढलेले महिने कुठे जात नाहीत. मी काही घड्याळ लावून प्रयोग केलेला नाही आणि तुमच्याकडे भाषणं छोटी असतील तर तुम्हाला हा फरक जाणवणारही नाही. पण तेव्हापासून माझी परीक्षा ठरून गेली : पहिला घोट कसा लागतो हे नाही बघायचं, विसरलेला ग्लास कसा लागतो हे बघायचं.

इथे प्रोसेकोच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण माझ्या तक्रारीतला अर्धा दोष माझाच होता. मी ‘एक्स्ट्रा ड्राय’ लिहिलेल्या बाटल्या उचलत होतो. एक्स्ट्रा ड्राय म्हणजे अगदी कोरडी, साखर नसलेली, असा माझा समज. प्रत्यक्षात लिटरमागे १२ ते १७ ग्रॅम साखर असली की ‘एक्स्ट्रा ड्राय’ म्हणतात, नुसतं ‘ड्राय’ म्हणजे १७ ते ३२, आणि ‘ब्रूट’ म्हणजे १२ च्या आत. ज्याने कोणी ही नावं ठरवली त्याला ग्राहकांची फजिती बघायची हौस असावी. थंडगार ग्लासात ती साखर लपते आणि कोमट झाला की वर येते. तेव्हा प्रोसेको घेणार असाल तर ‘ब्रूट’ बघून घ्या. विसरलेला ग्लास तरीही फारसा बरा लागत नाही, पण सरबत तरी होत नाही.

मग शॅम्पेनच का नाही? पैशांचा मुद्दा सोडून देतो, तो प्रत्येकाला आपला आपण कळतो. माझी अडचण निराळी आहे. शॅम्पेन आली की कार्यक्रमात एक अवघडलेपण येतं. लोक लेबल बघतात, आवाज थोडा खाली येतो, आणि एखादा हौशी माणूस बाटली हलवून फवारा उडवायला पुढे होतो तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. एवढ्या महिन्यांची मेहनत कोणाच्या तरी शर्टावर. शिवाय पहिल्या घोटाला ‘आंबट’ म्हणून ग्लास खाली ठेवणारे असतातच, आणि ते ग्लास मलाच ओतून टाकावे लागतात. चार-सहा माणसं टेबलाभोवती बसून एकमेकांना वेळ देणार असतील तर शॅम्पेनसारखं काही नाही, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. गर्दीत मात्र ती वाया गेल्यासारखी वाटते.

म्हणून सध्या मी मधल्या घरी आहे. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेल्या, पण शॅम्पेन प्रांताबाहेरच्या वाइन. फ्रान्समध्ये अशांना क्रेमाँ म्हणतात. ती अल्सासची मिळते, ल्वारची मिळते, बर्गंडीची मिळते, लिमूची मिळते. स्पेनची कावा याच पद्धतीची, तिची पहिली बाटली १८७२ मध्ये बनली असं मानतात. द्राक्षं मात्र तिथली, माकाबेओ, शारेलो आणि पारेयादा. दोन्हींना गाळावर किमान ९ महिने काढावे लागतात. शॅम्पेनपेक्षा कमी, पण विसरलेल्या ग्लासाला वाचवायला माझ्या मते पुरेसे. इटलीची फ्रांचाकोर्ता तर साधीसुद्धा किमान १८ महिने थांबते. दक्षिण आफ्रिकेची कॅप क्लासिकही याच जातकुळीची, पण ती मी फारशी प्यालेलो नाही.

क्रेमाँ आणि कावा या दोघींमध्ये माझा कल किंचित क्रेमाँकडे आहे. कमी मुरलेल्या काही कावांना ओल्या मातीसारखा वास येतो. काहींना तो आवडतो, आमच्याकडे दोघा-तिघांनी नाकं मुरडली. पण कावाच्या लेबलवर ‘रेझेर्वा’ दिसलं तर गोष्ट बदलते, ती १८ महिने थांबलेली असते, आणि ‘ग्रान रेझेर्वा’ असेल तर ३० महिने. अशी कावा आणि साधी क्रेमाँ समोर ठेवलीत तर मी कावा उचलेन. एवढी बारीक निवड करायची गरज आहे का, असं विचाराल तर बहुधा नाही.

एक आडवाटेचा पर्याय राहिला. इटलीची मोस्कातो दास्ती. गोड आहे, उघडपणे गोड आहे, आणि तसं असल्याचं लपवत नाही. तिचं आंबवणं मधेच थंडीने थांबवतात, म्हणून अल्कोहोल साधारण पाच-साडेपाच टक्क्यांच्याच आसपास राहतं. दुपारचा कार्यक्रम असेल, पुढे सगळ्यांना आपापल्या कामाला लागायचं असेल, किंवा वाइन आवडत नाही असं ठामपणे सांगणारी मंडळी जास्त असतील, तर एक-दोन बाटल्या जरूर ठेवा. तिच्याकडून विसरलेल्या ग्लासाची अपेक्षा करू नये, कारण तिचा ग्लास कोणी विसरत नाही.

कुठलीही घेतलीत तरी ओतताना ग्लास तिरका धरा. रँस विद्यापीठातल्या जेरार लिजे-बेलेर या शास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसोबत २०१० मध्ये हे मोजून दाखवलं : बिअरसारखी ग्लासाच्या कडेवरून सोडलेली शॅम्पेन सरळ मधोमध ओतलेल्या शॅम्पेनपेक्षा जास्त वायू टिकवते, आणि थंड असेल तर आणखी जास्त. आणखी एक गंमत म्हणजे बुडबुडे काचेवर चिकटलेल्या सूक्ष्म तंतूंवर आणि धुळीवर धरतात. यंत्रात लख्ख धुतलेल्या ग्लासात एकदा एका पाहुण्याला बुडबुडेच दिसेनात. त्याच बाटलीतली वाइन शेजारच्याच्या, फडक्याने पुसलेल्या ग्लासात उसळत होती. बाटली खराब आहे यावर दोघांचं एकमत व्हायच्या आत मी त्यांचे ग्लास बदलले. पसरट, उथळ ग्लास दिसायला सुंदर असतात, पण त्यातून वायू पटकन पसार होतो. वर थोडा निमुळता होणारा, ट्यूलिपच्या आकाराचा ग्लास मला बरा वाटतो. आणि वायू टिकावा म्हणून उरलेल्या बाटलीच्या तोंडात चमचा अडकवून ठेवायचा प्रकार मीही करून पाहिला आहे. चमचा मात्र छान थंड झाला.

तर उभ्याची गर्दी, भरदुपार, भाषण नाहीच किंवा खरोखर दोनच शब्दांचं : प्रोसेको ब्रूट, आणि मागे वळून बघू नका. थोडी माणसं, बसायला खुर्च्या, घाई नाही : शॅम्पेन. पण बहुतेक कार्यक्रम या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी पडतात, आणि तुम्हीच ओतणार असाल तर मी क्रेमाँ सुचवेन.

बायकोचा यावरचा आक्षेप साधा आहे : स्वतःचा ग्लास आधी भरून आधी का पीत नाहीस? आणि ते जमत नसेल तर शेवटी नवी बाटली उघड. नवी बाटली मी उघडून पाहिली आहे. बूच उडाल्याचा आवाज झाला की बूट घालून दाराशी उभी असलेली माणसं परत आत येतात आणि माझा ग्लास पुन्हा खिडकीत जातो. मागच्या वेळी सगळे गेल्यावर मी तिला तो तासाभराचा क्रेमाँचा ग्लास चाखायला दिला, म्हटलं एक घोट घेऊन बघ. तो माझ्याकडे परत आला नाही.