बीपीची गोळी चालू असताना लेह: थेट विमान की श्रीनगर-कारगिलचा रस्ता?

गोव्यातून लेहला जायचं ठरलं की घरात पहिला वाद तिकिटावरून होतो. मोपा किंवा दाबोळीहून दिल्ली, तिथून पहाटेचं विमान आणि नाश्त्याच्या वेळेला लेह, हा एक मार्ग. दुसरा म्हणजे दिल्लीहून श्रीनगर आणि तिथून गाडीने सोनमर्ग, झोजिला, कारगिल करत वर. तरुण पोरांनी काय करावं ते त्यांचं त्यांनी पाहावं. मी लिहितोय ते पन्नाशीच्या आसपासच्या, रोज सकाळी प्रेशरची गोळी घेणाऱ्या आणि एरवी ठणठणीत असलेल्या माणसासाठी. मी दोन्ही मार्गांनी गेलो आहे, वेगवेगळ्या वर्षी, गोळी तीच असताना. माझं मन रस्त्याकडे झुकतं. पण विमानाची बाजूही खरी आहे, म्हणून ती आधी सांगतो.

विमानाने रजा वाचते. ज्यांना गाडी लागते किंवा कंबरेचा त्रास आहे, त्यांना झोजिलाची वळणं आणि तिथली वाहनांची रांग सोसणार नाही. आणखी एक गोष्ट, जी माझ्या मते सर्वांत वजनदार: लेहमध्ये काही कमी-जास्त झालं तर सोनम नोर्बू हॉस्पिटल शहरातच आहे, आणि उंचीचा त्रास झालेले पाहुणे तिथल्या डॉक्टरांना नवे नाहीत. कारगिल सोडल्यावर लेह येईपर्यंत तसा आधार रस्त्यावर नाही. मनात धाकधूक असलेल्या माणसाला एवढ्या एका कारणासाठी विमान बरं वाटलं, तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही.

आता शरीराकडे येऊ. लेह साधारण 3,500 मीटरवर आहे. हवेत प्राणवायूचं प्रमाण तिथेही 21 टक्केच असतं, पण हवेचा दाबच समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास उरतो. आपण समुद्राकाठची माणसं. आपल्या गोव्याचं सर्वांत उंच शिखर सोनसोगडसुद्धा बाराशे मीटरच्या आतलं. दिल्लीचं विमान आपल्याला तास-सव्वा तासात या पातळ हवेत नेऊन सोडतं. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांजवळच्या संवेदक पेशींना प्राणवायू कमी झाल्याचं लगेच कळतं. श्वास वाढतो, नाडी वाढते, रक्तवाहिन्या आवळणारी यंत्रणा जोर धरते. बीपी मात्र उतरल्या उतरल्या उडी मारेलच असं नाही, कारण प्राणवायू कमी झाल्यावर आधी काही रक्तवाहिन्या सैलही होतात. बहुतेकांचं ते पुढच्या काही तासांत आणि दिवसांत चढतं, आणि रात्री जास्त जाणवतं. त्यामुळे विमानतळावर मशीन लावून ‘काही फरक नाही’ म्हणणाऱ्यांनी दुसऱ्या सकाळपर्यंत थांबावं.

फुप्फुसांतलं गणित वेगळं आहे. तिथल्या रक्तवाहिन्या प्राणवायू कमी झाला की आकसतात आणि हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. दंडावरच्या मशीनला यातलं काहीही दिसत नाही. म्हणून बीपीचा आकडा चांगला असूनही स्वस्थ बसलेलं असताना दम लागत असेल, खोकला सुटत नसेल, तर आकड्यावर विसंबू नये. ऑक्सिजन लावावा, डॉक्टर गाठावा आणि लवकरात लवकर खाली उतरावं.

माझा निर्णय ज्या गोष्टीने केला ती मात्र रात्रीची आहे.

विमानाने गेलो तेव्हा दिवसभर सगळं नियमाने केलं होतं. खोलीत पडून राहिलो, जिना एकदाच चढलो, पाणी पीत राहिलो. रात्री डोळा लागतो न लागतो तोच श्वास थांबायचा. काही क्षण काहीच नाही. मग आतून कुणी ढकलल्यासारखा मोठा श्वास ओढला जायचा आणि मी जागा, छातीत धडधड, कानांत नाडीचा आवाज. उठून बसायचं, थर्मासमधलं कोमट पाणी घोटभर प्यायचं, पुन्हा आडवं व्हायचं. डोळा लागला की पुन्हा तेच. शेजारी बायको अंधारात माझे श्वास ऐकत जागी होती. सकाळी तिनेच सांगितलं, मध्येमध्ये श्वास थांबला की ती हात लावून बघत होती.

हा प्रकार धडधाकट माणसालाही होतो आणि बहुधा घातक नसतो. जोरजोरात श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, आणि झोपेत श्वास चालतो तो मुख्यतः त्याच्याच इशाऱ्यावर. इशारा थांबला की श्वास थांबतो. मग प्राणवायू घसरतो आणि मेंदू दचकून उठवतो. दर दचक्यासरशी नाडी आणि दाब उसळतात. घरी झोपेत बीपी खाली येतं, गोळीवाल्या माणसाला तीच काय ती विश्रांती. लेहच्या त्या रात्रींत ती मिळाली नाही.

आणि खरा वैताग त्यानंतरचा. सकाळी मशीन लावलं की आकडा चढलेला. आता हा उंचीचा, जागरणाचा, थंड खोलीचा, की गोळी कमी पडतेय? अर्धी गोळी जास्त घ्यावी का? गोव्यातल्या डॉक्टरांना फोन करावा तर माझं प्रीपेड सिम तिथे चालत नव्हतं; हॉटेलच्या वायफायवरून कसाबसा निरोप गेला. उत्तर आलं, गोळी बदलू नका, शांत बसून पाच मिनिटांनी मोजा. दोन्ही बरोबरच होतं. पण ते पहिले दिवस लडाख बघण्याऐवजी मशीनकडे बघण्यात गेले. नंतर शरीर सावरलं, आकडाही बराच खाली आला.

रस्त्याने गेलो तेव्हा श्रीनगरला मुक्काम केला, जे 1,600 मीटरच्या आतबाहेर आहे. मग कारगिल, सुमारे 2,700 मीटर. तिथे घाई न करता राहिलो. वाटेत झोजिला साडेतीन हजारांवर आणि कारगिलच्या पुढे फोटू ला ही खिंड 4,100 मीटरवर, म्हणजे लेहपेक्षाही उंच. पण खिंड गाडीतून ओलांडायची असते, तिथे झोपायचं नसतं, आणि शरीर हिशेब ठेवतं तो मुख्यतः झोपण्याच्या उंचीचा. तीन हजारांच्या वर गेल्यावर मुक्काम एका रात्रीत पाचशे मीटरहून जास्त चढवू नये, असा डॉक्टरांचा सर्वसाधारण सल्ला आहे. कारगिलहून थेट लेह केलं तर तो मोडतो, म्हणून मध्ये आल्चीला, साधारण 3,100 मीटरवर, राहिलो. जुन्या गोम्पातली (बौद्ध मठातली) भित्तिचित्रं, जर्दाळूची झाडं, खाली सिंधू. सांगायचं ते एवढंच की तिथे सलग झोप लागली. लेहलाही पहिल्या रात्री एक-दोनदा जाग आली असेल, पण तो दचका नव्हता. हे काही शास्त्रीय मोजमाप नाही. एका माणसाचं शरीर, दोन वेगळी वर्षं. तरी माझ्या लेखी फरक मोठा होता.

हळू चढण्याचं महत्त्व आपल्या सैन्याने फार मोठी किंमत मोजून जाणलं आहे. 1962 च्या युद्धाच्या सुमारास सखल भागातले जवान एकदम वर न्यावे लागले. उंचीच्या त्रासाने आजारी पडलेल्या 1,925 जवानांचा अभ्यास इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी 1969 मध्ये प्रसिद्ध केला, आणि जगभरचे डॉक्टर त्याचा आधार घेत आले आहेत. आज 9,000 ते 12,000 फुटांच्या टप्प्यातच सैनिकाला सहा दिवस सरावाला देतात. तिशीच्या आतल्या जवानाला सहा दिवस लागत असतील तर आपण आपल्याला किती द्यावेत?

मनालीचा रस्ता मी या तुलनेत धरत नाही. अटल बोगद्याने सुरुवात सोपी केली, पण पुढे सर्चूला 4,200 मीटरच्या वर झोपायची पाळी येते. बीपीवाल्याने तो उतरताना वापरावा. शिवाय आपल्याकडच्या शाळांच्या मे महिन्याच्या सुट्टीत तो उघडा मिळेलच याची खात्री नसते.

गोळ्यांबद्दल दोन शब्द, कारण मार्ग कुठलाही निवडला तरी ते लागू आहेत. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. लघवीची गोळी चालू असेल आणि वर डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्यायची असेल तर पाणी आणि पोटॅशियम दोन्ही उतरू शकतात. सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर तेही डॉक्टरांना आधीच सांगा. बीटा-ब्लॉकर, म्हणजे नाडी मंदावणारी बीपीची गोळी, घेणाऱ्यांची नाडी हवी तेवढी वाढत नाही, त्यांना चढावर लवकर थकवा येतो. निरोगी स्वयंसेवकांवरच्या एका अभ्यासात टेल्मिसार्टन या बीपीच्या गोळीने 3,400 मीटरवर बीपी आवरलं, 5,400 मीटरवर मात्र नाही. लेहजवळची खारदुंग ला खिंड 5,359 मीटरवर आहे, तेव्हा तिथे फोटो काढून लगेच खाली उतरलेलं बरं. आणि आपली सवय म्हणून बॅगेत सुकी सुंगटं (कोळंबी), लोणचं, पापड भरले जातात; त्या मिठाचा हिशेब दाबात होतो. फेणीची बाटली घरीच राहू दे, दारूने झोपेतला श्वास आणखी मंदावतो.

अलीकडे स्टेंट बसलेला असेल, हृदय कमजोर असेल किंवा बीपी घरीच आटोक्यात नसेल, तर मार्गाचा प्रश्न नंतरचा. आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारा की जावं का. बाकीच्यांना, रजा मिळत असेल तर, मी सांगेन: चढताना श्रीनगर-कारगिल-आल्ची, परतताना लेहहून विमान. उतरताना घाई केली तरी शरीर तक्रार करत नाही. आणि रजा अजिबात वाढत नसेल तर विमानानेच जा, पण पहिले दोन दिवस पूर्ण आराम, आणि पँगाँगचा मुक्काम शेवटी ठेवा. तो तलाव लेहपेक्षा सात-आठशे मीटर वर आहे. निघण्याआधी सिम पोस्टपेड करून घ्या.