जुनी बोलेरो पिकअप घेऊन उभी केली: एक द्राक्ष हंगाम वापरल्यानंतरचा हिशोब

५ लाख ३१ हजार. २०१४ ची बोलेरो पिकअप घेऊन, तिचं इंजिन, हौदा, ब्रेक, कागद सगळं मार्गी लावून ती आमच्या तासगाव तालुक्यातल्या बागेत क्रेट भरायला उभी राहिली, तोवर एवढे पैसे गेले होते. त्यात गाडीचे २ लाख ९५ हजार, कामाचे २ लाख ५ हजार आणि कागदांचे ३१ हजार. भेटेल तो विचारतो, "गाडी केवढ्याला बसली?" आणि पहिला आकडा ऐकून पुढे जातो. सौदा जमला की फसला हे मात्र उरलेल्या दोन आकड्यांवर ठरतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

नवी पिकअप ऑनरोड दहा लाखांच्या घरात जाते. आमची द्राक्षं आणि थोडा ऊस, म्हणजे गाडीला खरं काम वर्षातले काही महिनेच. त्यासाठी पाच वर्षांचा हप्ता डोक्यावर घेणं पटत नव्हतं. भाड्याची गाडी सांगावी, तर जानेवारी ते एप्रिल सगळ्यांची काढणी एकाच वेळी. व्यापारी रात्री फोन करून "उद्या सकाळी माल तोडा" म्हणतो आणि त्या सकाळी गाडी मिळत नाही. पाऊस येणार म्हणून बेदाणा रॅकवरून घाईने उतरवताना तर एकेक तास मोलाचा असतो. दारात स्वतःची गाडी हवी होती, नवीच हवी असं नव्हतं.

शोधताना एक गोष्ट पक्की धरली होती: इंजिन कसंही चालेल, चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, चांगली पाहिजे. आमच्या मिस्त्रींचं म्हणणंच तसं होतं. "इंजिन कवाबी बांधता येतंय, चासी कुजली की गाडी भंगारात." सांगली जिल्ह्यात जुनी गाडी बघताना त्याच्याही आधी एक प्रश्न विचारायला हवा, तो म्हणजे ही गाडी पुरात होती का? २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, २०२१ ला परत पूर आला. तेव्हा पाण्यात उभ्या राहिलेल्या कितीतरी गाड्या धुऊन, रंगवून विकल्या गेल्या आहेत. विकणारा हे सांगत नाही, गाडी सांगते. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढायचा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाची रेघ दिसते. सीटखालच्या स्प्रिंगा हाताने चाचपायच्या. हेडलाइटच्या काचेत आतून माती बसलीय का बघायची. डॅशबोर्डखाली हात घालून वायरिंगचा एखादा कनेक्टर सोडवायचा, आत हिरवट-पांढरी पावडर असेल तर तिथूनच माघारी फिरायचं. पलूस बाजूला एक गाडी रंगाने चकचकीत, किमतीला कमी, पण सीटबेल्टवर रेघ होती. ती सोडली.

घेतली ती गाडीही कृष्णाकाठचीच, पण आतून कोरडी. इंजिन मात्र दमलेलं. चालू गाडीवर ऑइलचं झाकण काढलं की आतून वाफारा फेकायची, म्हणजे रिंगा-पिस्टन संपले होते. याच कारणावर भाव खाली आला. मिस्त्रींनी खाली झोपून लहान हातोडीने चासी पुढून मागेपर्यंत ठोकत नेली. खणखणीत आवाज येतो तिथे लोखंड शाबूत, बद्द आवाज येतो तिथे आतून खाल्लेलं. मागच्या चाकाच्या वर एका पट्टीत आवाज बदलला, तेवढीच जागा वेल्डिंगची निघाली.

इंजिनाला ६८ हजार लागले. ब्लॉकचं बोअरिंग आणि क्रँकचं ग्राइंडिंग कोल्हापूरला उद्यमनगरमध्ये करून घेतलं, हेडचं फेसिंग, नवे पिस्टन-रिंगा, बेअरिंग, पंप आणि नोझलचं काम सांगलीत. २५२३ सीसीचं हे जुनं डीआय इंजिन, कॉमन रेल (कॉम्प्युटरने डिझेल सोडणारी पद्धत) नाही, पंप मेकॅनिकल. आमच्यासारख्यांना याचा फार आधार आहे, कारण लॅपटॉप लावल्याशिवाय दोष सापडत नाही असं काही यात नाही. गावातला मिस्त्री कानाने ऐकून सांगतो. क्लचसेट मजुरीसकट साडेनऊ हजार. इंजिन उतरवलेलंच असतं, तेव्हा क्लच जुना ठेवून पुन्हा गिअरबॉक्स उतरवण्यात काही अर्थ नाही.

खरा धक्का हौद्याने दिला. वरून पत्रा ठीक वाटत होता. तो कापून उचलला तर खालच्या आडव्या चॅनेलवर खताचा बोटभर थर साचलेला आणि लोखंडाचे पापडासारखे पापुद्रे निघत होते. आधीचा मालक ऊसवाला. उसाला म्युरिएट ऑफ पोटॅश सर्रास जातं आणि त्यात क्लोराइड असतं. फाटक्या पोत्यातून सांडलेलं खत सांध्यात जाऊन बसतं, हवेतली ओल ओढून घेतं आणि लोखंड वर्षभर खात राहतं. द्राक्षाला क्लोराइड नको म्हणून आपण एवढी काळजी घेतो, तीच काळजी हौद्याची घ्यायला हवी. नवे चॅनेल, चेकर्ड प्लेट, तिन्ही फाळके (बाजूच्या आणि मागच्या उघडणाऱ्या फळ्या), बिजागऱ्या मिळून ३८ हजार झाले. मी दोन चॅनेलच्या मध्ये पाणी निघून जायला भोकं ठेवायला लावली आणि खत वाहिलं की त्याच दिवशी हौदा धुतो. एका पावसाळ्यानंतर खाली वाकून पाहिलं, रेड ऑक्साइडचा गंजरोधक रंग जसाच्या तसा आहे.

ब्रेकमध्ये काटकसर केली नाही: मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, लायनर, ड्रम घासून घेणं, ११ हजार. चार टायर ३० हजार. वायरिंग, दिवे, बॅटरी १४ हजार. पाटे (गाडीचं वजन पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या) आणि बुश साडेआठ हजार. पाट्यांबद्दल थोडं सांगतो. आधीच्या मालकाने जास्त माल बसावा म्हणून मागे जादा पाटा घातला होता. असा पाटा दिसला की समजावं, गाडीने आयुष्यभर ओव्हरलोड ओढलाय. शिवाय द्राक्षाला तो घातकच, कारण गाडी अर्धी भरलेली असली की मागचा भाग आदळतो आणि क्रेटमध्ये मणी गळतात. तो काढून पाटे कंपनीच्या मापाचे केले. आता आरसीवर आहे तेवढंच वजन भरतो, खालच्या क्रेटखाली पाचटाचा थर देतो आणि माल चांगला पोचतो. रंगाला २६ हजार गेले. डेंटिंग, लांबी (खड्डे भरायची पुट्टी), रंग हे सगळ्यात शेवटी करावं, पैसे कमी पडले तर एक वर्ष पुढे ढकलावं. बिनरंगाची गाडी माल वाहते, बिनब्रेकची नाही.

कागदांत लोक सगळ्यात जास्त ढिलाई करतात. आरसीवर आधीच्या बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०. गाडी एमएच-१० ची, म्हणजे सांगलीचीच होती म्हणून दुसऱ्या आरटीओची एनओसी लागली नाही, साताऱ्याची किंवा कराडची असती तर फॉर्म २८ लागला असता. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करायला सांगावा लागतो. राहिलेले चलन, थकलेला टॅक्स आधीच ऑनलाइन बघून घ्यावा. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला फिटनेस दरवर्षी लागतं, आणि पर्यावरण कर वेगळा. फिटनेसला जाताना रिफ्लेक्टर टेप लागतेच, पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. २०१९ च्या एप्रिलआधीची गाडी म्हणून नवी नंबरप्लेट घ्यावी लागली, ७४५ रुपये अधिक जीएसटी. दिलासा देणाऱ्या गोष्टीही आहेत. एकूण वजन ३००० किलोच्या आत असेल तर परमिट लागत नाही. आणि साध्या एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसनवर ७५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, हे सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय, त्यामुळे माझा धाकटा भाऊही निर्धास्त चालवतो.

या कागदांतला मोठा भाग दरवर्षी येतो. नुसत्या थर्ड पार्टी विम्याचा ठरलेला दर १६,०४९ रुपये अधिक जीएसटी आहे. गाडी शेडमध्ये उभी असो की रोज पुण्याला जाऊ दे, तेवढाच. विमा, फिटनेस, टॅक्स, पीयूसी, वर्षाची सर्व्हिसिंग धरली तर गाडी हलायच्या आधी ३०-३५ हजार बाजूला ठेवावे लागतात. आपण भाड्याला वर्षाला एवढेही देत नसू तर जुनी गाडी घेऊच नये, शेजाऱ्याची सांगावी.

वापरात समाधान आहे. भरलेल्या गाडीला लिटरला अकरा-बाराचं ॲव्हरेज मिळतं. मणेराजुरीचा चढ क्रेट भरून तिसऱ्या गिअरमध्ये ओढते. इंजिन बांधल्यावर पहिले हजार किलोमीटर हलका माल आणि कमी वेग ठेवला, मग ऑइल बदललं. तेव्हापासून ऑइल वर घालावं लागलेलं नाही. सुट्टा भाग तासगावात मिळाला नाही तर सांगलीच्या शंभर फुटी रोडला मिळतोच. त्रास आहेत तेही सांगतो. एप्रिलच्या उन्हात केबिन तापते, पायाला इंजिनची धग लागते. स्टेअरिंग जड आहे. रिकामी गाडी खराब रस्त्यावर उड्या मारते, वडिलांना शेजारी बसवून दवाखान्यात न्यायचं वाहन हे नाही. ज्याला रोज मुंबई-पुण्याचं भाडं मारायचंय त्याने हप्ता घेऊन नवीच घ्यावी. त्याला रस्त्यात थांबलेल्या गाडीचा एक दिवस परवडत नाही.

गाडी २०१४ ची घेतली त्यामागेही हिशोब होता. पंधरा वर्षं झाली की फिटनेसची फी कित्येक पटींनी वाढते, त्यामुळे २०२९ पर्यंतचीच वर्षं मी धरली आहेत. २००९-१० ची गाडी लाखभर स्वस्त मिळत होती, पण तो फरक पुढे आरटीओतच भरावा लागला असता.

अजून दोन कामं राहिलीत. स्टेअरिंग बॉक्समध्ये थोडा प्ले (ढिलेपणा) आहे आणि रेडिएटर एकदा उघडून साफ करायचाय. ऑक्टोबर छाटणी उरकली की डिसेंबरात दोन्ही करून घेणार, त्यासाठी आठ हजार वेगळे काढून ठेवलेत.