लेडी बर्ड की गर्ल्स विल बी गर्ल्स?

घरात सोळा-सतरा वर्षांची मुलगी आहे, शनिवारची एकच संध्याकाळ मोकळी आहे आणि बघायचा आहे तो मायलेकींचाच सिनेमा. माझ्यापुढे हे दोनच राहिले. दोन्ही कमी पैशांत आणि मोठ्या स्टुडिओच्या छायेबाहेर बनलेले, दोन्हींच्या लेखिका-दिग्दर्शिका बायकाच. तरी एकाऐवजी दुसरा लावून चालणार नाही.

ग्रेटा गर्विगचा 'लेडी बर्ड' (२०१७) घडतो कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोमध्ये, २००२-०३ च्या सुमारास. स्वतःला 'लेडी बर्ड' म्हणवून घेणारी मुलगी कॅथलिक शाळेत शेवटच्या वर्षाला, आई मनोरुग्णालयात नर्स, बाबांची नोकरी जाते. सुरुवातीलाच मायलेकी गाडीत कॅसेटवर कादंबरी ऐकत डोळे पुसत असतात. लगेच कॉलेजवरून जुंपते आणि मुलगी चालत्या गाडीतून बाहेर उडी टाकते! पुढे दिसते तेव्हा हाताला प्लास्टर. जुन्या कपड्यांच्या दुकानातही भांडण रंगात आलेलं असताना एक छानसा ड्रेस हाताला लागतो, की दोघी एका सुरात हरखतात. हे ज्या घरात घडत नाही, ते घर मी पाहिलेलं नाही.

आणखी एका ड्रेसच्या वेळी मुलगी विचारते, मी तुला आवडते का? आई म्हणते, माझं प्रेम आहेच की. पण प्रश्न तो नव्हताच. आई झालेल्या लॉरी मेटकाफच्या चेहऱ्यावर उत्तर अडकून पडतं, तेवढ्यासाठीही सिनेमा बघावा. पाच ऑस्कर नामांकनं मिळाली, पुरस्कार एकही नाही, असो.

शुची तलाटीचा 'गर्ल्स विल बी गर्ल्स' (२०२४) हिमालयाच्या पायथ्याच्या निवासी शाळेत घडतो, काळ नव्वदच्या दशकाचा शेवट. मीरा शाळेची पहिली मुलगी हेड प्रीफेक्ट, म्हणजे विद्यार्थ्यांची प्रमुख. परीक्षेचं वर्ष म्हणून आई, अनिला, जवळच घर घेऊन राहायला येते. मीराला श्री नावाचा मुलगा आवडू लागतो. आई रागावत नाही; त्याला घरीच बोलावते, खाऊ-पिऊ घालते, त्याच्याशी गप्पा मारते. आणि त्या गप्पांत ती जरा जास्तच खुलते.

इथून सिनेमा अवघड होतो. लग्न लवकर झालेल्या त्या बाईला कुणीतरी आपल्याकडे बघावं असं वाटतंय, हे मीराला कळतं आणि सोसवत नाही. लेडी बर्डची आई कितीही टोचून बोलली तरी शेवटपर्यंत आईच राहते. अनिला मात्र अधूनमधून आईपण बाजूला ठेवते. अनिला झालेली कनी कुसृती हे एका हसण्यातून दाखवते. ('ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' या सिनेमातली मुंबईतली नर्स ती हीच.) मीरा झालेल्या प्रीती पाणिग्रहीला अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात अभिनयाचा खास ज्युरी पुरस्कार मिळाला. शाळेतली मुलं मुलींचे चोरून फोटो काढतात आणि मुख्याध्यापिका स्कर्टच्या लांबीवर बोलतात, हा भाग तर कुठल्याही शाळेतल्या मुलीला समजावून सांगावा लागणार नाही.

लांबीचाही फरक आहे: पहिला दीड तासात आटोपतो, दुसरा जवळजवळ दोन तासांचा आणि संथ. पहिल्यात हसू आहे. दुसऱ्यात शांतता, आणि ती मोठ्यांनाच जास्त टोचते. पहिल्यातलं इंग्रजी भराभर धावतं, सबटायटल्स लावाच. दुसऱ्यात इंग्रजीसोबत हिंदीही आहे आणि तो प्राइम व्हिडिओवर आला आहे. शरीराबद्दलचे प्रसंग दोन्हींत आहेत, शिव्या पहिल्यात.

मुलीशेजारी बसून बघायचा असेल तर मी 'लेडी बर्ड' लावीन. रिमोट शोधावा लागेल अशा जागा त्यातही आहेत, पण सावरून घेता येतं. 'गर्ल्स विल बी गर्ल्स' आईने आधी एकटीने बघावा, तेही नवरा आणि मुलं झोपल्यावर. मुलीला तो कधी दाखवायचा हे मग आईनेच ठरवावं. मुलीने तोवर मैत्रिणीकडे बघून टाकलेला असण्याची शक्यता आहेच.