हार्लेमचं शॉम्बर्ग सेंटर: न्यूयॉर्कला गेलात तर इथे जाच

न्यूयॉर्कला येणारी आपली मंडळी टाइम्स स्क्वेअर, लिबर्टीचा पुतळा वगैरे उरकतात आणि परत जातात, काळ्यांची वस्ती म्हणून प्रसिद्ध असलेल्या हार्लेमकडे सहसा कोणी फिरकत नाही. कविता, जॅझ, चळवळ यातलं काहीही जवळचं वाटत असेल तर २ किंवा ३ नंबरची सबवे पकडून १३५ स्ट्रीटला उतरा, वर आलं की लगेच शॉम्बर्ग सेंटर. काळ्यांचा इतिहास आणि संस्कृती जपणारी ही लायब्ररी, न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचाच भाग आहे, आत जायला तिकीट नाही.

दक्षिणेतल्या छळाला आणि लिंचिंगला कंटाळून लाखो काळे लोक उत्तरेकडच्या शहरांत आले आणि १९२० च्या दशकात हार्लेममध्ये लेखक, चित्रकार, वादक यांची एक अख्खी पिढीच उभी राहिली, तेच हार्लेम रेनेसान्स. पण लिहिणाऱ्यांना बसायला, एकमेकांना वाचून दाखवायला जागा लागते ना, ती या लायब्ररीने दिली. कादंबरीकार नेला लार्सन तर इथेच लायब्रेरियन होती. पुढे १९४० मध्ये तळघरात अमेरिकन निग्रो थिएटर सुरू झालं, पुढे गाजलेले नट सिडनी पॉइटिए आणि हॅरी बेलाफॉन्टे तिथले.

नाव आहे आर्तुरो शॉम्बर्गचं. पोर्तो रिकोत जन्मलेला, एका बँकेच्या टपाल विभागात नोकरी करणारा माणूस, काळ्यांना इतिहासच नाही असं म्हणणाऱ्यांना पुराव्यानिशी उत्तर द्यायचं म्हणून आयुष्यभर पुस्तकं, हस्तलिखितं, चित्रं गोळा करत राहिला. १९२६ मध्ये लायब्ररीने ते सगळं १० हजार डॉलर्सना घेतलं. आज इथे १ कोटी १० लाखांच्या वर वस्तू आहेत. मला विचाराल तर चळवळ टिकली ती नुसत्या प्रतिभेवर नाही, कोणीतरी कागद जपले आणि सगळ्यांना उघडून दिले म्हणून टिकली.

आत गेल्यावर ऑडिटोरियमबाहेरच्या फरशीकडे नीट बघा, घाई करू नका. मोठी गोल नक्षी आहे, त्यात नद्या, आणि मधोमध हार्लेम रेनेसान्सचा कवी लँग्स्टन ह्यूज याच्या नद्यांवरच्या कवितेची ओळ. नुकतीच शाळा संपलेल्या या पोराने रेल्वेतून मिसिसिपी ओलांडताना ती कविता लिहिली, १९२१ मध्ये काळ्यांचे विचारवंत नेते ड्यू बॉइस यांच्या 'द क्रायसिस' मासिकात छापून आली. त्याच्या अस्थी या फरशीखाली आहेत. १९९१ मध्ये याच फरशीवर कवयित्री माया अँजेलो आणि कवी अमिरी बराका नाचले होते, तो फोटो नेटवर सापडेल, जरूर बघा. बराका म्हणजे ६० च्या दशकातल्या ब्लॅक आर्ट्स चळवळीचा म्होरक्या, म्हणजे पुढची पिढी अक्षरशः आधीच्या पिढीच्या डोक्यावर नाचत होती आणि दोघांनाही ते आवडलंच असतं!

हार्लेम रेनेसान्सचा चित्रकार आरन डग्लस याची १९३४ ची चार मोठी भित्तिचित्रं खास या लायब्ररीसाठी काढलेली. एकात भल्या मोठ्या दातेरी चाकावर उभा सॅक्सोफोनवाला, मागे उंच इमारती आणि त्यांच्या फटीतून दूरवर एवढासा लिबर्टीचा पुतळा. आशा आणि यंत्राखाली चिरडायची भीती एकाच चित्रात. सध्या लावलेली आहेत का हे मात्र आधी विचारून घ्या.

आपल्यासाठी अजून एक कारण आहे. बाबासाहेब १९१३ ते १६ इथून जवळच कोलंबियात शिकत होते, आणि १९४६ मध्ये त्यांनी ड्यू बॉइसना पत्र लिहिलं, अस्पृश्यांचा प्रश्न आणि काळ्यांचा प्रश्न किती सारखा आहे म्हणून. १९७२ ची दलित पँथर तर नावच अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर या संघटनेवरून घेऊन आली. दलित कविता वाचून मोठं झालेल्या माणसाला ही जागा परकी वाटत नाही.

चकचकीत म्युझियमची अपेक्षा ठेवून जाऊ नका, ही काम करणारी लायब्ररी आहे, प्रदर्शनाचे हॉल लहानच आहेत. हस्तलिखितं बघायची तर आधी अपॉइंटमेंट घ्यावी लागते, वेळाही वेबसाइटवर बघूनच निघा. आतल्या दुकानात पुस्तकं छान मिळतात. माझ्याकडून पाचपैकी पाच.