बारा क्रेडिट, पहाटेचे साडेचार आणि विश्वामित्रीचा नकाशा

जानेवारी 2024मध्ये एका अमेरिकन विद्यापीठाचं जीआयएसचं (संगणकावर नकाशे आणि जागांची माहिती हाताळण्याचं तंत्र) ग्रॅज्युएट सर्टिफिकेट ऑनलाइन सुरू केलं, मे 2025मध्ये संपवलं. शिकलेलं कामात वापरूनही आता बरेच महिने झाले, म्हणून लिहिते. मी बडोद्यात ड्रेनेजची कामं करणाऱ्या एका कन्सल्टंटकडे नोकरी करते, राहते दांडिया बाजारात.

आधी नावाचा घोळ. आजी म्हणाली, "अगं, तू ग्रॅज्युएट आहेसच की!" तिचं काय चुकलं? तिकडे 'ग्रॅज्युएट' म्हणजे पदवीच्या पुढचं शिक्षण. माझ्या कोर्सला चार विषय, बारा क्रेडिट. मास्टर्सचा साधारण तिसरा हिस्सा. पुढे तिथेच मास्टर्स केलं तर हे क्रेडिट धरतात. आमच्या साहेबांनी कागद उलटसुलट बघितला आणि निकाल दिला, "सर्टिफिकेट छे, डिग्री नथी." पगाराच्या बाबतीत तेच खरं ठरलं.

थेट वर्ग त्यांच्या संध्याकाळी सातला, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेचारला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, मग मार्चपर्यंत साडेपाच. तेवढा एक तास काय सुखाचा वाटायचा! असाइनमेंटची मुदत मात्र सोयीची: त्यांचे रविवार रात्रीचे 11:59 म्हणजे आपली सोमवार सकाळ. ऑफिसला निघता निघता कितीदा 'सबमिट' दाबलंय. शिवाय दर आठवड्याला चर्चेत एक पोस्ट आणि दोघांना उत्तरं. नुसतं 'छान मुद्दा' लिहिलं तर शून्य.

खरी अडचण वेगळीच निघाली. सगळे सराव अमेरिकेच्या डेटावर. तिथे लायडार, म्हणजे विमानातून लेसरनं मोजलेली जमिनीची उंची, दर एक मीटरला एक आकडा अशी फुकट उतरवता येते, आणि सर गृहीत धरतात की जगात सगळीकडे ती मिळते. मी बडोद्यासाठी शोधायला गेले तर हाती आला एसआरटीएम नावाचा उंचीचा डेटा: फेब्रुवारी 2000मध्ये स्पेस शटलवरून रडारनं मोजलेला, दर 30 मीटरला एक आकडा, आणि उंची पूर्ण मीटरमध्ये. आपलं गाव सपाट. पाणी उंबऱ्यापर्यंत येणार की कमरेपर्यंत, हे अशा आकड्यांतून कसं कळायचं? त्यात दाट वस्तीत तो जमिनीऐवजी छपरांचीच उंची सांगतो. कोपर्निकस या युरोपच्या उपग्रह कार्यक्रमाच्या उंचीच्या डेटात निदान दशांश असतात, छपरांचं दुखणं तेच. शेवटी ऑफिसच्या जुन्या लेव्हलिंगच्या (जागेवर जाऊन मोजलेल्या उंचीच्या) वह्या काढल्या आणि हातानं बिंदू भरले. सरांनी त्या वह्यांवर जेवढे प्रश्न विचारले तेवढे आमच्या ऑफिसात कधी कुणी विचारले नव्हते. माझे पैसे वसूल झाले ते तिथे.

तिसरा विषय सुरू झाला आणि त्याच आठवड्यात, ऑगस्ट 2024च्या शेवटी, विश्वामित्री नदी शहरात शिरली. वीज गेली, नेट गेलं, फोनवर जेमतेम दोन दांड्या. असाइनमेंटला उशीर झाला तर रोज दहा टक्के गुण कापतात, मी चार ओळींची मेल टाकली, सरांनी मुदत वाढवली आणि विचारलं, "नदीत खरंच मगरी आहेत?" शेवटच्या प्रकल्पाचा विषय त्या मेलमधूनच ठरला.

सॉफ्टवेअरचं सांगते. कोर्समध्ये वापरायचं ते नकाशांचं सॉफ्टवेअर, आर्कजीआयएस प्रो, फक्त विंडोजवर चालतं. माझ्या आठ जीबीच्या लॅपटॉपवर ते उघडेपर्यंत चहा उकळून गाळून व्हायचा. विद्यार्थी लायसन्स कोर्सबरोबर संपतं, त्यामुळे पहिल्या विषयापासूनच प्रत्येक सराव क्यूजीआयएस या फुकट सॉफ्टवेअरमध्येही करून ठेवा. पुराच्या मॉडेलसाठी वापरलेलं एचईसी-रास अमेरिकन लष्कराच्या इंजिनिअरांचं, पण कुणालाही फुकट. आज ऑफिसात मी क्यूजीआयएस आणि हे, अशी दोनच चालवते. आणि हो, तिकडचे नमुने बऱ्याचदा फुटांत असतात. आणि यूटीएम या मीटरमधल्या नकाशा-पद्धतीत जगाचे पट्टे पाडलेत, आपलं बडोदं त्यातल्या 43 उत्तर झोनमध्ये येतं. हे एकदा विसरले तर माझा नाला अरबी समुद्रात जाऊन पडला होता.

फी क्रेडिटमागे, डॉलरमध्ये. वर बँकेचा चार्ज, आणि दर टर्मला रुपया थोडा घसरलेलाच. ऑनलाइन कोर्सवर विद्यार्थी व्हिसा मिळत नाही, तेव्हा परदेशी जायचा बेत असेल तर यात पडू नका. नुसतं सॉफ्टवेअर शिकायचं असेल तरी नको, ते यूट्यूबवर येतं. आपल्या कामातला एखादा अडलेला प्रश्न घेऊन जाणार असाल, आणि तुमचं काम ओळीनं तपासणारं कुणी हवं असेल, तर जरूर करा.

फक्त प्रवेशासाठी जुन्या कॉलेजकडून ट्रान्स्क्रिप्टचं (सगळ्या गुणांच्या अधिकृत नोंदीचं) सीलबंद पाकीट मिळवायला आधीच सुरुवात करा. मला सात चकरा पडल्या, आणि पहिल्या पाकिटावर सहीच नव्हती.